डेटाबेसची धुळाक्षरे गिरवण्यासाठी एसक्यूलाइट

डेटाबेसची रचना शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला आठवडा बहुतेक वेळा डेटाबेसपर्यंत पोहोचतच नाही. सर्व्हर उतरवून घ्यायचा, त्याची सेवा सुरू होत नाही म्हणून संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा, पोर्ट अडकलेला आहे का ते शोधायचे, स्थापनेच्या वेळी दिलेला पासवर्ड आठवत नाही म्हणून सगळे पुसून पहिल्यापासून सुरुवात करायची, यातच त्याचा उत्साह संपतो आणि टेबल म्हणजे काय, नोंद म्हणजे काय हे मूळ प्रश्न तसेच राहतात. मी तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या कामात आहे आणि दर रविवारी सकाळी आमच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या बीसीए व बीएस्सीच्या मुलामुलींना डेटाबेसचे मूलभूत पाठ देतो. गेली तीन वर्षे या पाठांसाठी मी एसक्यूलाइट (सर्व्हरशिवाय, एका फाइलमध्ये चालणारा डेटाबेस) हेच साधन वापरले आहे. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ते कसे आहे, कुठे उपयोगी पडते आणि कुठे सावध राहावे लागते, हे येथे सविस्तर मांडतो.

एसक्यूलाइटचा जन्म २००० साली अमेरिकेत झाला. डी. रिचर्ड हिप हे तेव्हा अमेरिकी नौदलाच्या विनाशिकांसाठी एका संगणकप्रणालीवर काम करत होते. जहाजाला नुकसान पोहोचले तर ते आटोक्यात ठेवण्यास मदत करणे हे त्या प्रणालीचे काम होते. पण तिची माहिती वेगळ्या डेटाबेस-सर्व्हरवर असे आणि तो सर्व्हर बंद पडला की प्रणालीही ठप्प होई. संकटाच्या वेळी उपयोगी पडायचे साधन संकटातच बंद पडू नये, म्हणून सर्व्हर मधून काढून टाकावा आणि प्रोग्रॅमने डिस्कवरची फाइल थेट वाचावी व लिहावी, ही कल्पना तेथून निघाली. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये एसक्यूलाइट असते. तिच्या कर्त्यांनी स्वामित्वहक्क सोडून दिलेला आहे, त्यामुळे परवाना, नोंदणी किंवा शुल्क असे काहीच नाही. २०५० सालापर्यंत तिची देखभाल करण्याचा मानस त्यांनी जाहीर केला आहे, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहितीसंचांच्या दीर्घकालीन जतनासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांमध्ये या फाइलचाही समावेश आहे. शिकण्यासाठी निवडलेले साधन चार वर्षांत कालबाह्य होईल, ही धास्ती येथे बाळगण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्याला याचा पहिला लाभ असा की पहिल्या तासाच्या दहाव्या मिनिटाला त्याचे पहिले टेबल तयार झालेले असते. संकेतस्थळावरून काही एमबीचे आज्ञा-ओळीचे साधन उतरवायचे, फाइलला एक नाव द्यायचे आणि कामाला लागायचे. संपूर्ण डेटाबेस एका फाइलमध्ये असल्यामुळे ती पेन ड्राइव्हवर घरी नेता येते, मैत्रिणीला पाठवता येते, बिघडली तर कालची प्रत काढून पुन्हा सुरुवात करता येते. ज्या मुलांकडे स्वतःचा संगणक नाही, ती आपल्या अँड्रॉइड फोनवर टर्मक्स या आज्ञा-ओळीच्या अॅपमध्ये हेच सगळे करतात. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांची परिस्थिती तशीच आहे, म्हणून या गोष्टीला मी फार महत्त्व देतो.

साधन हलके असले तरी रचना सोपी होत नाही, आणि तिचा अभ्यास संगणक उघडण्यापूर्वी कागदावरच करावा लागतो. त्यासाठी मी मुलांसमोर वाचनालयाची देवघेव वही ठेवतो. प्रत्येक ओळीत वर्गणीदाराचा क्रमांक, त्याचे नाव, मोबाइल क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, नेल्याची तारीख आणि परत केल्याची तारीख असे आठ रकाने आहेत. ही वही जशीच्या तशी एका टेबलात उतरवायची, हा पहिला पाठ. कामाला काहीच अडत नाही आणि मुलांना ते बरोबरही वाटते. मग मी विचारतो, की एका वर्गणीदाराने मोबाइल क्रमांक बदलला, तर किती ओळी दुरुस्त करायच्या? त्याने वर्षभरात चाळीस पुस्तके नेली असतील तर चाळीस ओळी; त्यातल्या एकोणचाळीसच दुरुस्त झाल्या, तर खरा क्रमांक कोणता हे ठरवायला टेबलापाशी काहीच आधार उरत नाही. दुसरा प्रश्न, नव्याने सभासद झालेल्या पण अजून एकही पुस्तक न नेलेल्या माणसाची नोंद कुठे करायची? आणि तिसरा, जुन्या ओळी काढून टाकल्या तर एखाद्या सभासदाचे अस्तित्वच पुसले जाणार नाही का? नॉर्मल फॉर्मच्या, म्हणजे टेबलांची रचना निर्दोष ठेवण्याच्या नियमांच्या, व्याख्या या मुलांनी परीक्षेसाठी तोंडपाठ केलेल्या असतात. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधारित प्रतिमान (माहिती टेबलांच्या रूपात ठेवण्याची पद्धत) मांडले आणि लगेच पुढे दुसरा व तिसरा नॉर्मल फॉर्म सांगितला, हेही त्यांना ठाऊक असते. पण ते सगळे याच तीन अडचणींवरचे उत्तर आहे, हे वही पाहिल्यावरच त्यांच्या ध्यानात येते.

यापुढचा टप्पा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मुले वही फोडून सभासद, पुस्तके आणि देवघेव अशी तीन टेबले करतात आणि काम झाले असे मानतात. त्या वेळी मी कपाटातून एकाच कादंबरीच्या तीन प्रती काढून मेजावर ठेवतो. नाव एक, लेखक एक, प्रकाशक एक. पण दाखल क्रमांक तीन, कारण एक प्रत वाचनालयाने विकत घेतली, एक कोणीतरी वाढदिवसानिमित्त भेट दिली आणि तिसरी नंतरच्या आवृत्तीची आहे, तिची किंमत वेगळी आहे. सभासद घरी नेतो ते पुस्तक नव्हे, प्रत. हरवते तीही प्रत. वाचक मागणी करतो ती मात्र पुस्तकाची, त्याला कोणतीही प्रत चालते. म्हणजे ज्याला आपण बोलताना सहज एकच शब्द वापरतो, त्यात दोन वेगळ्या वस्तू दडलेल्या आहेत, आणि प्रत्येकीला स्वतःचे टेबल हवे. आमच्या जुन्या ग्रंथपालांनी प्रतींची दाखल नोंदवही आणि पुस्तकांची तालिकापत्रे वेगवेगळी ठेवली होती ती याच समजुतीने, हे त्या दिवशी मुलांना कळते आणि त्या धूळ खाणाऱ्या वह्यांकडे त्यांची पाहण्याची नजर बदलते.

लेखकांच्या बाबतीतही असेच घडते. आमच्या नोंदवहीत एका लोकप्रिय लेखकाचे नाव पाच प्रकारांनी लिहिलेले सापडले: आद्याक्षरांनंतर टिंब देऊन, टिंबाशिवाय, मध्ये जागा सोडून, आडनाव आधी घेऊन आणि एकदा निव्वळ आद्याक्षरे. माणसाला ते एकच वाटतात, डेटाबेसला मात्र ते पाच लेखक आहेत. लेखकांचे वेगळे टेबल करून त्याला क्रमांक दिला की हा गोंधळ मिटतो. आणि अनुवादित पुस्तकाला मूळ लेखक व अनुवादक असे दोघे असतात हे लक्षात आले, की पुस्तक आणि व्यक्ती यांना जोडणारे तिसरे टेबल, त्यात भूमिकेचा रकाना, ही रचना मुले स्वतः सुचवू लागतात.

एक इशारा येथेच देतो. पुनरुक्ती टाळण्याचा नियम शिकलेला विद्यार्थी काही काळ तो सगळीकडे लावत सुटतो. वर्गणीच्या पावतीवरची रक्कम ही दराच्या टेबलातून काढता येते, मग ती पावतीत पुन्हा कशाला, असे म्हणून तो रकाना काढून टाकतो. पुढच्या वर्षी समितीने दर वाढवला, की गेल्या वर्षीच्या सगळ्या पावत्या नव्या दराने दिसू लागतात आणि हिशेब तपासनिसासमोर मान खाली घालावी लागते. त्या दिवशी घेतलेली रक्कम ही त्या दिवसाची स्वतंत्र वस्तुस्थिती आहे. ती पावतीतच राहिली पाहिजे.

आता साधनाच्या स्वभावाविषयी. एसक्यूलाइट मुळात अतिशय उदार आहे, आणि शिकणाऱ्यासाठी ही उदारता धोक्याची ठरू शकते. याचे मराठी माणसाला हमखास भेटणारे उदाहरण अंकांचे आहे. किंमत या रकान्याचा प्रकार पूर्णांक ठेवा आणि दोन प्रतींच्या किमती भरा: पहिली २५० ही इंग्रजी अंकांत आणि दुसरी १२० ही मराठी कळफलक चालू ठेवून देवनागरी अंकांत, अवतरणचिन्हांत. दोन्ही नोंदी कोणतीही तक्रार न होता स्वीकारल्या जातात. यादी पाहिली तर दोन्ही किमती जागच्या जागी दिसतात. बेरीज मागितली की मात्र ३७० ऐवजी २५०.० असे उत्तर येते, कारण देवनागरी अंक तिच्या लेखी संख्या नसून मजकूर आहेत आणि बेरजेत अशा मजकुराची किंमत शून्य धरली जाते. पूर्णांकांच्या बेरजेला लागलेले ते दशांश शून्य हीच काय ती एक खूण. टाइपऑफ हे फंक्शन चालवून पाहिले, की एका ओळीपुढे इंटिजर आणि दुसरीपुढे टेक्स्ट असे उमटते, आणि मग सगळा उलगडा होतो. ही कृती मी प्रत्येक तुकडीकडून मुद्दाम करवून घेतो.

यावर उपाय आहे. २०२१ च्या अखेरीस आलेल्या ३.३७ या आवृत्तीपासून टेबल तयार करताना शेवटी स्ट्रिक्ट हा शब्द लिहिता येतो; मग पूर्णांकाच्या रकान्यात मजकूर भरण्याचा प्रयत्न तिथल्या तिथे फेटाळला जातो. प्रायमरी कीच्या, म्हणजे प्रत्येक ओळीची ओळख पटवणाऱ्या, रकान्यात नल म्हणजे रिकामे मूल्य चालवून घेण्याची एक जुनी चूकही, मागे बनलेले प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून, अद्याप कायम ठेवलेली आहे. स्ट्रिक्ट टेबलात तीही वाट बंद होते. फॉरेन कीचे, म्हणजे एका टेबलातील नोंद दुसऱ्या टेबलातील नोंदीशी जोडणाऱ्या रकान्याचे, तर याहून महत्त्वाचे. टेबलात फॉरेन की लिहिली, तरी ती पाळली जावी यासाठी प्रत्येक वेळी डेटाबेस उघडल्यावर प्राग्मा ही आज्ञा देऊन तपासणी चालू करावी लागते. ती दिली नाही, तर अस्तित्वातच नसलेल्या सभासदाच्या नावावर पुस्तक खुशाल चढते. माझ्या मते साधनाचा हा सर्वांत मोठा उणेपणा आहे. नवशिक्याने लिहिलेला नियम मुळीच पाळला जात नसताना तो पाळला जातो आहे असे त्याला वाटत राहणे, ही शिकण्याच्या काळात फार वाईट गोष्ट आहे. म्हणून माझा आग्रह असा, की पहिल्या दिवसापासून स्ट्रिक्ट लिहायचे आणि फॉरेन कीची आज्ञा फाइल उघडताच द्यायची. ती सवय हाताला लागेपर्यंत पुढचा पाठ घेऊ नये.

एवढी शिस्त लावली, की हेच साधन किती सूक्ष्म नियम सांभाळू शकते हे पाहून समाधान वाटते. एक प्रत एका वेळी एकाच सभासदाकडे असू शकते, हा वाचनालयाचा साधा नियम घ्या. देवघेव टेबलात प्रत क्रमांक पुन्हा पुन्हा येणारच, कारण तीच प्रत वर्षभरात अनेक जण नेतात. त्यामुळे त्या रकान्यावर सरसकट युनिकचा, म्हणजे मूल्य पुन्हा न येण्याचा, नियम लावता येत नाही. परंतु ज्या ओळींत परतीची तारीख अजून नल आहे, तेवढ्याच ओळींपुरता युनिक इंडेक्स (इंडेक्स म्हणजे शोधासाठीची सूची) बांधण्याची सोय एसक्यूलाइटमध्ये आहे. तो बांधल्यावर बाहेर गेलेली प्रत दुसऱ्याच्या नावावर चढवण्याचा प्रयत्न केला, की डेटाबेस स्वतः नकार देतो. नल म्हणजे शून्य नव्हे आणि कोरा मजकूरही नव्हे, तर अजून माहीत नसलेली गोष्ट, हे याच ठिकाणी नीट शिकवता येते: परतीची तारीख नलच्या बरोबरीची आहे का असे विचारले तर एकही ओळ मिळत नाही, ती नल आहे का असे इज नल या शब्दांत विचारावे लागते.

तारखांसाठी वेगळा प्रकार नाही, ही उणीव पुष्कळांना खटकते. तारीख मजकूर म्हणून ठेवायची आणि आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा क्रमाने लिहायची. आपल्याकडच्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिला, तर पाच जुलै ही चार ऑगस्टच्या नंतर लागते. वर्ष आधी ठेवण्याची सवय एकदा लागली की पंधरा दिवसांनंतरची परतीची तारीख काढणे, मुदत उलटलेली पुस्तके शोधणे ही कामे तयार फंक्शनांनी सहज होतात.

मराठी वर्णानुक्रमाचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. एसक्यूलाइट अक्षरांची तुलना त्यांच्या युनिकोड (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) क्रमानुसार करते आणि तेथे ळ हा ल च्या लगेच नंतर व च्या आधी बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत त्याची जागा ह नंतर आहे. त्यामुळे शीर्षकांची यादी क्रमाने मागितली, की ‘काल’, ‘काळ’, ‘काव’ असा क्रम येतो आणि यादी लावणारा ग्रंथपाल ताबडतोब हरकत घेतो. भाषानिहाय क्रम लावणारी जोडणी बाहेरून आणून बसवता येते, पण नवशिक्याला मी ते सांगत नाही. क्रमासाठी वेगळा रकाना ठेवणे त्याला पुरते.

व्यवहार म्हणजे ट्रान्झॅक्शन ही संकल्पना शिकवण्यासाठी याइतके पारदर्शक साधन मी पाहिलेले नाही. आज्ञा-ओळीवर बिगिन लिहून एक नोंद भरायची, कमिट, म्हणजे बदल कायम करण्याची आज्ञा, द्यायची नाही, आणि फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर शेजारी उघडून पाहायचा: डेटाबेसच्या फाइलशेजारी जर्नल असे शेपूट लावलेली एक नवी फाइल आलेली दिसते. रोलबॅकसाठी, म्हणजे बदल मागे घेण्यासाठी, लागणारा मूळ मजकूर तिच्यात जपलेला असतो. कमिट दिले की ती नाहीशी होते. मग तीच कृती पुन्हा करून, कमिट देण्याआधी खिडकी बंद करून टाकायची, जणू वीज गेली आहे, आणि फाइल पुन्हा उघडायची. अर्धवट नोंदीचा मागमूस नसतो. पुस्तक परत घेणे आणि विलंबशुल्काची पावती फाडणे ही दोन कामे एकतर दोन्ही व्हावीत किंवा एकही होऊ नये, हे भारनियमनाच्या गावात राहणाऱ्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इंडेक्सचेही तसेच. शोधाच्या आज्ञेपुढे एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन हे शब्द जोडले, की उत्तर कसे शोधले जाणार ते कळते. इंडेक्स नसेल तर स्कॅन, म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. इंडेक्स बांधल्यावर त्याच जागी सर्च आणि वापरलेल्या इंडेक्सचे नाव. लेखकाप्रमाणे लावलेली तालिकापत्रांची पेटी आणि तिच्याशिवाय कपाटे धुंडाळणे यांत जो फरक, तोच हा. प्रत्येक नवे पुस्तक आले की प्रत्येक पेटीत एक पत्र घालावे लागते, म्हणून पेट्या मोजक्या ठेवाव्यात, हेही त्याच उदाहरणातून कळते.

ज्यांना आज्ञा-ओळीची भीती वाटते, त्यांच्यासाठी डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट हा मोफत प्रोग्रॅम चांगला आहे. बदल कायम करणे आणि मागे घेणे यांची दोन बटणे त्यात समोरच असतात. तरीही टेबले बटणे दाबून न बनवता आज्ञा लिहूनच बनवावीत, असे मी सांगतो. बटणाने झालेली रचना हातात राहत नाही.

डेटाबेसचे व्यवस्थापन या शब्दांत जे येते, त्यातला मोठा भाग मात्र येथे शिकता येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. वापरकर्ते, त्यांचे अधिकार, कोणी काय पाहावे आणि कोणी काय बदलावे हे ग्रँट व रिव्होकचे (अधिकार देण्याच्या व काढून घेण्याच्या आज्ञांचे) सगळे प्रकरण एसक्यूलाइटमध्ये नाहीच. फाइल ज्याच्या हाती, त्याच्या हाती सर्व काही. एका वेळी एकच जण लिहू शकतो. वाचणाऱ्यांची आणि लिहिणाऱ्याची एकमेकांना अडचण होऊ नये यासाठी वॉल (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची) ही पद्धत २०१० पासून उपलब्ध आहे, पण तीसुद्धा एकाच संगणकापुरती. नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरमध्ये फाइल ठेवून चार संगणकांवरून काम करणे टाळावे. ज्याला नोकरीसाठी तयारी करायची आहे, त्याने रचनेचा पाया येथे घालून पोस्टग्रेएसक्यूएल या सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसकडे वळावे. तेथे रकान्यांचे प्रकार कडक पाळले जातात, फॉरेन की सांगताच पाळली जाते, आणि येथे स्वतःला लावून घेतलेली शिस्त तेथे आयती उपयोगी पडते. राखीव प्रत ठेवण्याची, म्हणजे बॅकअपची सवय मात्र येथेच लावून घ्यावी. लिहिणे चालू असताना फाइलची नुसती नक्कल करू नये, त्यासाठी दिलेली बॅकअपची आज्ञा वापरावी, आणि घेतलेली प्रत महिन्यातून एकदा उघडून पाहावी.

या वर्षी मार्चमध्ये आमच्या वाचनालयाची वार्षिक मोजदाद झाली, तेव्हा दोन विद्यार्थिनींनी कपाटांवर प्रत्यक्ष सापडलेल्या दाखल क्रमांकांची यादी एका वेगळ्या टेबलात भरली. प्रतींच्या टेबलाला त्यांनी ती यादी लेफ्ट जॉइनने (जुळणी न सापडलेल्या ओळीही ठेवणाऱ्या जोडणीने) जोडली, सभासदांकडे असलेल्या प्रती वगळल्या, आणि ना कपाटात ना कोणाच्या नावावर अशा प्रतींची यादी काढली. दरवर्षी तीन माणसांना आठवडाभर पुरणारे हे काम होते. यादी छापून त्या दोघी कपाटांकडे गेल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यातल्या बऱ्याच प्रती त्यांना चुकीच्या फळीवर, बालविभागात आणि बांधणीसाठी काढून ठेवलेल्या गठ्ठ्यात सापडल्या. त्या गठ्ठ्यासाठी डेटाबेसमध्ये जागाच नव्हती. पुढच्या रविवारी प्रतीच्या टेबलात ‘सध्याचे ठिकाण’ हा रकाना घालावा, की बांधणीला पाठवलेल्या प्रतींचे वेगळे टेबल करावे, यावर त्यांची दीड तास चर्चा चालली होती.